तो वेळ आणि ती वेळ

मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो, आणि लिंग बदलले की अर्थही बदलतो. 'खूप वेळ गेला' असे आपण म्हणतो तेव्हा तो पुल्लिंगी असतो. तो अवधी असतो. मोजता येतो, खर्च होतो, उरतो, वाया जातो. 'निघायची वेळ झाली' म्हणताना तोच शब्द स्त्रीलिंगी होतो आणि अवधी मागे पडून नेमका क्षण पुढे येतो. वेळ काढला जातो, आणि वेळ मारून नेली जाते. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर फुटबॉलच्या संदर्भात 'वेळकाढूपणा' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. तो अर्थातच पहिल्या, पुल्लिंगी वेळेतून आला. परंतु या खेळाचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला, तर त्यातले मोठे तंटे या दोन वेळांच्या सीमारेषेवर झालेले दिसतात.

प्रत्येक खेळाने वेळेशी आपापला करार केलेला असतो. क्रिकेटचा मर्यादित षटकांचा डाव चेंडू मोजतो, मिनिटे मोजत नाही. जुन्या हुतूतूत चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ होते. दम सुटला की वेळ संपली. पुढे कबड्डीत चढाईसाठी तीस सेकंद आली, पण दमाची खूण म्हणून तोंडातला उच्चार राहिलाच. बास्केटबॉलमध्ये खेळ थांबला की घड्याळही थांबते आणि ते सर्वांना दिसते. फुटबॉलने मात्र एक विलक्षण व्यवस्था पत्करली. घड्याळ थांबत नाही. खेळ थांबला तरी ते पळतच राहते. आणि जो वेळ वाया गेला त्याचा अंदाज घेऊन तो शेवटी परत देण्याचे काम एकाच माणसाकडे, त्याच्या मनगटाकडे, सोपवलेले असते. प्रेक्षकांना दिसणारे स्टेडियमवरचे घड्याळ निव्वळ शोभेचे असते म्हटले तरी चालेल.

हे ओझे काय असते याचा किंचित अनुभव मला आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात नेमलेला माणूस न आल्यामुळे वेळ नोंदवण्याचे काम मराठी विभागाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडले. सामना बरोबरीत होता. शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही बाजूंची मुले मला 'सर, किती उरलं?' असे विचारत होती आणि माझ्या लक्षात आले की एकाच उत्तराने एका बाजूचा चेहरा उजळतो आणि दुसरीचा पडतो. कोणताही निर्णय न देता मी पक्षपाती ठरत होतो. चेंडू कुंपणापलीकडे उसात गेला तेव्हा घड्याळ थांबवायचे असते का, हे मला ठाऊक नव्हते. मी ते थांबवले नाही. त्याबद्दल एका मुलाने वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले होते.

मुळात ही नव्वद मिनिटे आली कुठून? १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे नियम लिहिले गेले, तेव्हा त्यांत सामना किती वेळ चालावा याचा उल्लेखच नव्हता. दोन्ही कर्णधारांनी आपसात ठरवावे आणि खेळावे, अशी रीत होती. ३१ मार्च १८६६ रोजी लंडनच्या बॅटर्सी पार्कात लंडन आणि शेफील्ड यांच्यात जो सामना झाला तो दुपारी तीन ते साडेचार या वेळात खेळवायचा असे आधी ठरले होते. नव्वद मिनिटांचा उगम सामान्यतः तिथे दाखवला जातो. मात्र नियमांच्या पुस्तकात ही मर्यादा येण्यास १८९७ साल उजाडले. मधली तीस वर्षे नव्वद मिनिटे हा नियम नव्हता, संकेत होता. आणि संकेत पाळणारी माणसे एका विशिष्ट वर्गातली होती.

या वर्गाची कल्पना अशी की सभ्य गृहस्थ मुद्दाम आगळीक करणार नाही. म्हणून सुरुवातीला मैदानात रेफरी नव्हता. प्रत्येक संघाचा एक पंच असे. खेळाडूंनी दाद मागितली तरच ते निर्णय देत, आणि त्या दोघांचे एकमत झाले नाही तर बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे वाद सोपवत. 'रेफरी' या शब्दाचा मूळ अर्थच 'ज्याच्याकडे वाद सोपवला जातो तो' असा आहे. पण एव्हाना खेळ गिरण्यांच्या गावांत पोचला होता. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रियांचे व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. हळूहळू शनिवारची अर्धी सुटी इतरांपर्यंत पोचली आणि दुपारी तीनची सुरुवात फुटबॉलला चिकटली. हा योगायोग नव्हे. ज्याचा आठवडा भोंग्यावर चालतो, ज्याच्या उशिराचे पैसे कापले जातात, तो माणूस आता मैदानात खेळू आणि पाहू लागला होता. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात औद्योगिक भांडवलशाहीने माणसाची वेळेची जाणीवच कशी बदलली हे दाखवले आहे. पूर्वी काम संपेपर्यंत वेळ असे. आता वेळ संपेपर्यंत काम असते. त्या निबंधाचा विषय फुटबॉल नाही. तरी 'गोल होईपर्यंत खेळू' म्हणणारे जुने खेळ आणि नव्वद मिनिटांचा नवा खेळ यांतले अंतर नेमके तेच आहे. वेळ एकदा मोजली जाऊ लागली की ती चोरताही येते.

१८८५ साली व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली आणि १८९१ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. रेफरी बाहेरून मैदानाच्या आत आला, आणि पेनल्टी किक आली. पेनल्टीची सूचना आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाची. सभ्य गृहस्थांना ती अपमानास्पद वाटली होती. ही शिक्षा अजून नवी असतानाची एक हकीकत सांगितली जाते. स्टोक विरुद्ध ॲस्टन व्हिला. व्हिला एका गोलने पुढे, सामना संपायला एक-दोन मिनिटे, आणि स्टोकला पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू उचलला आणि थेट मैदानाबाहेर भिरकावून दिला. तो शोधून आणेपर्यंत वेळ संपली होती. रेफरीने शिट्टी फुंकली. नियमाप्रमाणे त्याला दुसरे काही करता येत नव्हते. लवकरच नियमात भर पडली की पेनल्टी घेण्यासाठी वेळ वाढवून द्यावा. ही तरतूद आजही सातव्या नियमात आहे. संपूर्ण फुटबॉलमध्ये 'तो वेळ' संपल्यावरही 'ती वेळ' पुढे ढकलण्याची सक्ती रेफरीवर असते ती या एकाच प्रसंगी.

नव्या सत्ताधीशाकडून चुकाही होणारच होत्या. १ सप्टेंबर १८९४ रोजी संडरलँड आणि डर्बी काउंटी यांच्या सामन्याला नेमलेले रेफरी वेळेवर पोचले नाहीत, म्हणून दुसऱ्या एकाने खेळ सुरू केला. पंचेचाळीस मिनिटांत संडरलँडने तीन गोल केले. तेवढ्यात मूळ रेफरी आले आणि त्यांनी डर्बीला विचारले की नव्याने सुरुवात करायची का. डर्बीने अर्थातच होकार दिला. मग पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना झाला आणि डर्बीवर आठ गोल झाले. तीन अर्धांचा सामना म्हणून तो प्रसिद्ध आहे. खेळून झालेला वेळ 'झालाच नाही' असे ठरवण्याची ताकद एका माणसाकडे होती, हे त्यातले खरे आश्चर्य.

१५ जुलै १९३० रोजी माँटेव्हिडिओत पहिल्याच विश्वचषकात अर्जेंटिना फ्रान्सविरुद्ध एका गोलने पुढे होता. फ्रान्सचा लांगिये चेंडू घेऊन गोलकडे धावत असतानाच ब्राझीलचे रेफरी अल्मेइदा रेगो यांनी शेवटची शिट्टी फुंकली. चौऱ्याऐंशी मिनिटेच झाली होती. फ्रेंच खेळाडूंनी त्यांना घेरले, प्रेक्षक मैदानात उतरले. रेफरींनी आपली चूक कबूल केली आणि उरलेली सहा मिनिटे खेळवली. निकाल बदलला नाही. हिशेबाने पाहिले तर फ्रान्सला त्याचा वेळ पूर्ण परत मिळाला. पण लांगियेच्या पायात चेंडू असतानाची ती वेळ कोणाला परत देता आली नाही.

याच्या उलट गोष्ट १९७८ ची. ३ जून, मार देल प्लाता, ब्राझील आणि स्वीडन एक-एक बरोबरीत. ब्राझीलला कॉर्नर मिळाला, चेंडू हवेतून आला, झिकोने डोक्याने तो गोलमध्ये मारला. पण चेंडू हवेत असतानाच वेल्सचे रेफरी क्लाइव्ह टॉमस यांनी सामना संपवला होता. गोल नाही. टॉमस यांनी नियमाचा भंग केला असे म्हणता येत नाही; पेनल्टीखेरीज कशासाठीही थांबण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. तरीही जगभरच्या प्रेक्षकांना ते चुकलेच असे वाटले. रेगो यांचे घड्याळ चुकले होते, त्यांना इतिहासाने हसून क्षमा केली. टॉमस यांचे बरोबर होते. त्यांना क्षमा नाही.

बदली खेळाडूंचा इतिहास या वेळेच्या इतिहासाला समांतर चालतो आणि मग त्याच्यात मिसळतो. प्रारंभी अधिकृत सामन्यांत बदली खेळाडू ही कल्पनाच नव्हती. अकरा जण उतरले, अकरांनी खेळावे. कोणाचा पाय मोडला तर दहांनी. जायबंदी माणसाला बाजूच्या रेषेजवळ उभे करून ठेवत, निदान प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू अडकून राहावा म्हणून. ५ मे १९५६ रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा जर्मन गोलरक्षक बर्ट ट्राउटमन शेवटची सुमारे सतरा मिनिटे मान मोडलेल्या अवस्थेत खेळला. मान मोडली आहे हे नंतर एक्स-रे काढल्यावर कळले. या कथेतल्या शौर्याचे पोवाडे खूप गायले गेले. पण तो खेळला, कारण त्याच्या जागी दुसरा कोणी येऊ शकत नव्हता, ही बाजू पोवाड्यात येत नाही. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध पेले असाच लंगडत मैदानात राहिला.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १९६५-६६ च्या हंगामात प्रत्येक संघाला एक बदली खेळाडू दिला, तोही केवळ दुखापतीसाठी. २१ ऑगस्ट १९६५ रोजी चार्लटनचा कीथ पीकॉक बोल्टनविरुद्ध मैदानात उतरला आणि त्या लीगमधला पहिला बदली खेळाडू ठरला. खरी दुखापत आणि सोयीची दुखापत यांतला फरक ओळखणे कोणत्याही रेफरीच्या आवाक्याबाहेरचे होते. अल्पावधीतच ती अट काढून टाकावी लागली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात दोन बदल्यांची मुभा आली; सोव्हिएत संघाचा पुझाच हा विश्वचषकातला पहिला बदली खेळाडू. त्याच स्पर्धेतल्या इटली–पश्चिम जर्मनी उपांत्य सामन्यात बेकेनबाउअरचा खांदा निखळला, तेव्हा जर्मनीच्या दोन्ही बदल्या संपल्या होत्या. तो हात गळ्यात बांधून खेळत राहिला. ते छायाचित्र पाहताना मला नेहमी वाटते की जुन्या आणि नव्या युगांच्या सांध्यावर तो उभा आहे: बदलीचा नियम आला आहे, पण बदली उरलेली नाही.

पुढे १९९५ पासून तीन बदल्या झाल्या आणि दरम्यान त्यांचा हेतूच पालटला. माणुसकीपोटी आलेली सवलत घड्याळ खाण्याचे साधन बनली. पुढे असलेला प्रशिक्षक नव्वदाव्या मिनिटाला बदली जाहीर करतो. बाहेर यायचा असतो तो नेमका मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभा असलेला खेळाडू. तो सावकाश निघतो. वाटेत सहकाऱ्यांना भेटतो, प्रेक्षकांना टाळ्या देतो, पायमोजे सावरतो, रेफरीशी हस्तांदोलन करतो. यातली एकेक कृती निरागस आहे. सभ्यसुद्धा आहे. रेफरी हस्तांदोलन नाकारणार कसे? २०१९ मध्ये नियम झाला की बाहेर जाणाऱ्याने जवळच्या सीमारेषेवरून बाहेर पडावे. २०२० साली कोविडच्या काळात बदल्या पाचवर नेल्या तेव्हा सोबत अट घातली गेली की खेळाच्या ओघात त्या तीनच संधींत उरकाव्यात. मध्यंतरातली बदली मोजली जाणार नाही. २०२२ मध्ये पाच बदल्यांना कायम मुभा मिळाली, त्या वेळीही ही अट राहिली. माणसे पाच बदला, पण खेळ तीनदाच थांबवा. या अटीइतकी प्रामाणिक कबुली नियमपुस्तकात क्वचितच सापडेल.

गोलरक्षकाची कहाणीही अशीच. १९९० च्या विश्वचषकात पालेर्मो येथे आयर्लंड–इजिप्त सामना गोलशून्य संपला, आणि त्यात आयरिश गोलरक्षकाच्या हातांत चेंडू मिळून जवळजवळ सहा मिनिटे होता असे सांगतात. बचावपटूने मागे पास द्यायचा, गोलरक्षकाने तो उचलायचा, थोडे चालायचे, पुन्हा बचावपटूकडे सरकवायचा, पुन्हा घ्यायचा. १९९२ ची युरोपीय स्पर्धा डेन्मार्कने जिंकली, त्यातही या युक्तीचा मुबलक वापर झाला. त्याच उन्हाळ्यात नियम बदलला: सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळायचा नाही. २००० साली चेंडू हातात ठेवण्यास सहा सेकंदांची मर्यादा आली. ती बहुतेक रेफरींनी मनावर घेतली नाही, कारण तिची शिक्षा, म्हणजे गोलच्या तोंडाशी अप्रत्यक्ष फ्री किक, अपराधाच्या मानाने फारच जबर होती. शिक्षा अवाजवी असली की कायदा झोपतो. २०२५ मध्ये मर्यादा आठ सेकंदांची केली आणि शिक्षा कॉर्नरची. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो.

खिशातले घड्याळ थोडेसे बाहेर आले ते १९९८ च्या विश्वचषकापासून. भरपाईची किमान किती मिनिटे मिळणार हे चौथा अधिकारी फलक उंचावून दाखवू लागला. त्याआधी तो आकडा एकाच माणसाला ठाऊक असे. पुढच्याच वर्षी, २६ मे १९९९ रोजी, बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून एका गोलने पुढे होते. गोल करणाऱ्या बास्लरला त्यांनी अगदी शेवटी बाहेर घेतले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. फलकावर तीन मिनिटे आली. ती ज्या थांब्यांतून साचली त्यांत बायर्नच्या स्वतःच्या बदल्याही धरलेल्या असणारच. त्या तीन मिनिटांत मँचेस्टर युनायटेडने दोन गोल केले आणि ते करणारे शेरिंगहॅम व सोल्शायर हे दोघेही बदली खेळाडू होते. युरोपीय संघटनेचे अध्यक्ष योहानसन चषक देण्यासाठी खाली उतरत होते. ते मैदानापाशी पोचले तेव्हा हरलेले नाचताहेत आणि जिंकलेले रडताहेत असे त्यांना वाटले.

त्या सामन्याचे रेफरी होते इटलीचे पिएरलुइजी कोलिना. हेच कोलिना पुढे फिफाच्या रेफरी समितीचे प्रमुख झाले आणि २०२२ च्या कतार विश्वचषकात त्यांनी रेफरींना सांगितले की वाया गेलेला वेळ अंदाजाने नव्हे, नीट मोजून द्या. गोलनंतरचा जल्लोषही धरा. इंग्लंड–इराण सामन्याचा पहिला अर्ध इराणी गोलरक्षकाच्या डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे चौदा मिनिटांनी वाढला; सगळा सामना सुमारे एकशे सतरा मिनिटे चालला. त्याआधी २०१७ मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने आणखी मूलगामी विचार चर्चेला ठेवला होता. नव्वद मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साठ मिनिटांहूनही कमी. मग तीस-तीस मिनिटांचे दोन अर्ध करावेत आणि खेळ थांबला की घड्याळ थांबवावे. तसा नियम काही झाला नाही. पण आज आकडेवारीच्या जगात 'चेंडू खेळात किती मिनिटे होता' हाच सामन्याच्या प्रामाणिकपणाचा मापदंड मानला जातो.

हा मापदंड मला मुळीच पुरेसा वाटत नाही, आणि त्याचे कारण आहे हिहोन.

१९८२ चा विश्वचषक स्पेनमध्ये होता. १६ जून रोजी हिहोन येथे अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले. मजेर आणि बेलूमी यांचे गोल. स्वातंत्र्य मिळून अवघी वीस वर्षे झालेल्या, प्रथमच विश्वचषक खेळणाऱ्या देशाने युरोपच्या विजेत्यांना नमवले होते. पुढे अल्जीरिया ऑस्ट्रियाकडून हरला, पण २४ जून रोजी त्याने चिलीला ३-२ असे हरवले. गटातला शेवटचा सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया, दुसऱ्या दिवशी हिहोनलाच होता. म्हणजे दोन्ही संघांना गणित ठाऊक होते. जर्मनी एक किंवा दोन गोलच्या फरकाने जिंकला तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया घरी. दहाव्या-अकराव्या मिनिटाला ह्रुबेशने गोल केला. १-० झाले.

त्यानंतर काय झाले याचे चित्रण आज कोणालाही पाहता येते. उत्तरार्धात जर्मन बचावपटू एकमेकांना पास देतात, ऑस्ट्रियन खेळाडू त्यांना अडवत नाहीत. मग चेंडू त्यांच्याकडे जातो, ते एकमेकांना पास देतात, जर्मन अडवत नाहीत. स्पॅनिश प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, रुमाल फडकावले. अल्जीरियन प्रेक्षकांनी चलनी नोटा उंचावून दाखवल्या. ऑस्ट्रियन समालोचकाने श्रोत्यांना दूरचित्रवाणी संच बंद करायला सांगितले. रेफरी होते स्कॉटलंडचे बॉब व्हॅलेंटाइन. त्यांनी काय करावे? खेळ पुन्हा सुरू करण्यात विलंब लावला तर ताकीद देता येते, पण इथे खेळ थांबतच नव्हता. कोणी जमिनीवर लोळत नव्हता, कोणी चेंडू भिरकावत नव्हता, कोणाची बदली रेंगाळत नव्हती. चेंडू अखंड खेळात होता. आजच्या मापदंडाने मोजले तर हिहोनच्या त्या उत्तरार्धाला वेळेच्या बाबतीत फारशी नावे ठेवता येणार नाहीत. अल्जीरियाने तक्रार केली. नियम मोडलेला नाही म्हणून फिफाने ती फेटाळली.

बास्केटबॉलला असा पेच आधीच पडला होता. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेनने मिनियापोलिसविरुद्ध चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना १९-१८ असा जिंकला. १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत नेम साधण्याची सक्ती आली. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर बाद. फुटबॉलने आक्रमणाची सक्ती कधीच केली नाही. त्याने वेगळाच उपाय केला. १९८६ पासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. मला या उपायात मोठी मौज वाटते. 'तो वेळ' कसा वापरावा हे संघांना सांगता येत नाही, हे मान्य करून नियमकर्त्यांनी 'ती वेळ' बदलली. दोन शहरांतली दोन घड्याळे एकत्र सुरू केली, जेणेकरून कोणालाच दुसऱ्याचा निकाल आधी कळू नये. अर्थात त्याच १९८६ च्या स्पर्धेत सहा गटांतले चार उत्तम तिसरे संघही पुढे घेतले गेले, म्हणजे उशिरा खेळणाऱ्या गटाला आधीच्या गटांचे आकडे ठाऊक असण्याची फट शिल्लक राहिलीच. ४८ संघांच्या विश्वचषकाच्या रचनेतही ती आहे.

या सगळ्या नियमबदलांकडे पाहताना एक गोष्ट खटकते. गोलरक्षकाचे सेकंद मोजले जातात, थ्रो-इन रेंगाळली तर ताकीद मिळते, जमिनीवर पडून राहणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. ही सारी साधने बहुधा दुबळ्या संघाची असतात. ज्याच्याकडे चेंडू टिकवण्याचे कौशल्य नाही त्याला घड्याळ खायचे तर खेळ थांबवूनच खावे लागते. बलाढ्य संघ मात्र पुढे गेल्यावर चाळीस-चाळीस पास देत मिनिटे संपवतो, आणि त्याला आपण वेळकाढूपणा म्हणत नाही. सामन्यावरील नियंत्रण म्हणतो. गिरणीतल्या मजुराने हात सावकाश चालवला तर तो कामचुकार, आणि मालकाने बैठक लांबवली तर तो मुत्सद्दी, असाच हा प्रकार. मी उसात गेलेल्या चेंडूसाठी घड्याळ थांबवले नाही तेव्हा नकळत कोणत्या बाजूला होतो, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

अल्जीरिया आणि जर्मनी विश्वचषकात पुन्हा समोरासमोर आले ते ३० जून २०१४ रोजी, ब्राझीलमधल्या पोर्तु आलेग्रे येथे. अल्जीरियाचे प्रशिक्षक हलिलहोजिच यांनी सामन्याआधीच सांगितले होते की १९८२ कोणी विसरलेले नाही, यद्यपि संघातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. नव्वद मिनिटे गोलशून्य. जादा वेळेच्या दुसऱ्याच मिनिटाला शुर्लेने जर्मनीसाठी गोल केला. तो बदली खेळाडू होता. अल्जीरियन खेळाडूंच्या पायांत गोळे येत होते. एकशे विसाव्या मिनिटाला ओझिलने दुसरा गोल केला, आणि संपले असे वाटत असतानाच भरपाईच्या पहिल्या मिनिटाला जाबूने जर्मनीच्या जाळ्यात चेंडू मारला. तोही बदली खेळाडू. २-१. चेंडू पुन्हा मध्यावर ठेवला गेला आणि अल्जीरियाने बरोबरीसाठी आणखी एकदा चेंडू जर्मन गोलच्या दिशेने नेला. मग रेफरीने घड्याळाकडे पाहिले.